पहिल्यांदाच बॉलिंग लीग (क्रिकेटची नव्हे, बॉल टाकून दहा पिन पाडायच्या खेळाची) खेळणार असशील तर
अरे स्कोअर कमी येतो म्हणून लीग टाळू नकोस, हँडिकॅप त्याच्यासाठीच असतो, म्हणजे लीगने ठरवलेला बेस आणि तुझा ॲव्हरेज यातल्या फरकाचे ठराविक टक्के प्रत्येक गेमला मिळतात, समजा बेस 200, ॲव्हरेज 120 आणि 90 टक्के धरले तर 72 पिन जादा! स्ट्राइकच्या, म्हणजे पहिल्याच बॉलला सगळ्या पिन पाडायच्या मागे लागू नको, स्पेअर, म्हणजे उरलेल्या पिन दुसऱ्या बॉलला पाडणं पक्कं कर, खास करून कोपऱ्यातली 10 नंबरची पिन. बॉल फार जड नको, तिसऱ्या गेमपर्यंत हात चालला पाहिजे. शेजारच्या लेनवाला बॉल टाकायला आधी उभा असेल तर थांब, हे लोक खरंच बघतात. आणि पूर्ण सीझन जमणार नसेल तर सबस्टिट्यूट म्हणून नाव दे, टीमला अर्ध्यात सोडणं मला अजिबात पटत नाही.