पर डिएमचे दहा डॉलर जास्त, पण किती शिफ्ट रद्द झाल्यावर?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. सर्जिकल युनिटवर चार वर्षं फुल-टाइम नर्स होते. मुलगा दोन वर्षांचा झालाय, आता पुन्हा कामाला लागायचं आहे. एकाच हॉस्पिटलने दोन पर्याय दिलेत. पार्ट-टाइम घेतलं तर आठवड्याला बारा तासांच्या दोन शिफ्ट, तासाला ४४ डॉलर, वर्षाला ९६ तास भरपगारी रजा आणि निवृत्ती खात्यात पगाराच्या ४ टक्के हॉस्पिटलचे. पर डिएम, म्हणजे गरज पडेल तेव्हा बोलावणार : तासाला ५४ डॉलर, बाकी काही नाही. आरोग्यविमा नवऱ्याच्या नोकरीतून आहे. काय घ्यावं?

उत्तर : आधी ५४ आणि ४४ ची थेट तुलना सोडा. पार्ट-टाइममध्ये वर्षाचे १,२४८ तास भरतात, पगार होतो ५४,९१२ डॉलर. रजेचे ९६ तास वजा केले तर तुम्ही प्रत्यक्ष काम करता १,१५२ तास. त्यात निवृत्ती खात्यातले सुमारे २,२०० डॉलर मिळवा. म्हणजे कामाच्या प्रत्येक तासाला पडतात साडेएकोणपन्नास डॉलर. तेवढेच तास, म्हणजे ९६ शिफ्ट, पर डिएमवर केल्या तर ६२,२०८ डॉलर. फरक राहिला साधारण ५,१०० डॉलरचा. एक शिफ्ट ६४८ डॉलरची, तेव्हा वर्षात आठ शिफ्ट रद्द झाल्या की हा फायदा संपला.

आणि शिफ्ट रद्द होतातच. युनिटवर पेशंट कमी झाले की बहुतेक ठिकाणी पर डिएमवाल्यांना सर्वांत आधी घरी बसवतात. फोन कधी कधी शिफ्टच्या दोन तास आधी येतो. बेबीसिटर तोवर ठरलेली असते आणि तिचे पैसे द्यावेच लागतात. सर्जिकल युनिटवर हे जास्त जाणवतं, कारण थँक्सगिव्हिंगसारख्या सुट्टीत आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया थांबतात आणि खाटा रिकाम्या राहतात. शिवाय वेळापत्रकात कायम नर्सेसच्या शिफ्ट आधी लागतात, उरलेल्या पर डिएमला. ‘मला सोयीचे दिवस मिळतील’ ही अपेक्षा इथेच फसते. दुसऱ्या युनिटवर पाठवायची वेळ आली तरी पहिला नंबर बहुधा पर डिएमचाच लागतो.

आजारपणाच्या रजेचंही बघा. न्यू जर्सीच्या कायद्याने दर ३० तास कामामागे एक तास भरपगारी आजारी रजा जमते, वर्षाला ४० तासांपर्यंत. पण आरोग्यसेवेतल्या पर डिएम कर्मचाऱ्यांना हा कायदा बहुतांशी लागू होत नाही. डे-केअरमधून मूल दर महिन्याला सर्दी-ताप घरी आणतं, तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

पार्ट-टाइममध्येही एक खाच आहे. बाळंतपण किंवा गंभीर आजारात बारा आठवडे नोकरी राखून ठेवणारी केंद्रीय रजा (एफएमएलए) मिळायला त्या मालकाकडे बारा महिने नोकरी आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष १,२५० तास काम लागतं. आठवड्याला २४ तास धरून एकही रजा न घेता होतात १,२४८. दोन तास कमी! भरपगारी रजेचे तास त्यात धरत नाहीत, त्यामुळे तुमचा आकडा १,१५२ वरच राहील. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर वर्षात नऊ जादा शिफ्ट घ्या. आठ घेतल्या तरी दोन तास कमीच पडतात.

आमचं मत स्पष्ट आहे : पार्ट-टाइम घ्या आणि जमेल तेव्हा जादा शिफ्ट उचला. आजी-आजोबा सहा महिने राहायला आले आहेत, मूल कधीही त्यांच्यावर सोपवता येतं, असं असेल तर पर डिएम परवडतं. पण ते परत गेल्यावर पार्ट-टाइमची जागा मोकळी असेलच असं नाही. विमा नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून आहे, तेव्हा ती नोकरी गेली तर २४ तासांवर हॉस्पिटलचा विमा मिळतो का, हे आजच विचारून ठेवा. कायद्याने मोठ्या मालकाला विमा देणं भाग पडतं ते आठवड्याला सरासरी ३० तासांपासून. त्याखाली प्रत्येक हॉस्पिटलचा नियम वेगळा. सही करण्याआधी शिफ्ट रद्द करण्याचा क्रम, महिन्याचे वीकेंड आणि वर्षाच्या सणाच्या ड्यूट्या लेखी मागा. पार्ट-टाइमची शिफ्ट रद्द झाली तर ते तास तुमच्या रजेतून कापतात का, हेही त्यातच विचारा.

प्रश्न : पर डिएम शिफ्टला पोचल्यावर ‘आज गरज नाही’ म्हणून परत पाठवलं. काहीच मिळत नाही का?

उत्तर : मिळतं. न्यू जर्सीत मालकाने बोलावल्यावरून हजर झालेल्या कर्मचाऱ्याला किमान एका तासाचा पगार द्यावा लागतो. युनियनचा करार असेल तर त्यात जास्त तास असू शकतात, तो वाचा. परत फिरण्याआधी हजेरी पंच करा. पंच नसेल तर आलात याचा पुरावा राहत नाही. ‘घरी जा, पण फोनवर राहा’ असं सांगितलं तर त्या वेळेचा दर काय, हे तिथल्या तिथे विचारा.

प्रश्न : एक एजन्सी तासाला ६० डॉलर देते, पण १०९९ वर, म्हणजे कर्मचारी नव्हे तर स्वतंत्र कंत्राटदार म्हणून. घ्यावं का?

उत्तर : पगारावर असताना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या केंद्रीय करांचे ७.६५ टक्के तुमचे, तेवढेच मालकाचे. १०९९ वर जवळजवळ पूर्ण १५.३ टक्के तुमच्याच खिशातून जातात, कर दर तिमाहीला स्वतः भरावा लागतो आणि कामावर पाठ दुखावली तर भरपाईचा विमा नसतो. डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगारी कर्मचारी म्हणून घेणारी एजन्सी शोधा.