फेअरबँक्सला निघण्याआधी

प्रिय मित्रा,

अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स कॅम्पसला ॲडमिशन मिळालं, अभिनंदन. आता होकार कळवण्याआधी ऑफर लेटर पुन्हा एकदा नीट वाच. असिस्टंटशिप (म्हणजे विद्यापीठातलंच पगारी काम) किती सेमिस्टरची, ट्यूशन फी पूर्ण माफ आहे का, आरोग्य विमा कोण भरणार, उन्हाळ्यात पगार आहे का, हे चारही प्रश्न प्राध्यापकांना विचार आणि उत्तरं ईमेलवर घे. उन्हाळ्याचं विचारायला संकोचू नकोस. नऊ महिन्यांचा पगार बारा महिने पुरवणं तिथल्या महागाईत सोपं नाही.

'गेल्यावर बघू काहीतरी काम' हा हिशेब तिथे चालत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला फार तर २० तास काम, तेही कॅम्पसवरच. अलास्का म्हटलं की लोक मासळीचे कारखाने आणि तेलाच्या नोकऱ्या सांगतील. परवानगीशिवाय त्यात हात घातलास तर व्हिसावर पाणी सोडावं लागेल. रहिवाशांना राज्याच्या फंडातून दरवर्षी वाटले जाणारे पैसेही विद्यार्थी व्हिसावाल्यांसाठी नाहीत. रूममेटचं बघून अर्ज भरू नकोस.

पहिलं वर्ष हॉस्टेलमध्येच काढ. भाड्याच्या जाहिरातींत 'ड्राय केबिन' स्वस्त दिसतील. ड्राय म्हणजे घरात नळ नाही आणि संडास अंगणात. पाणी पाच गॅलनच्या कॅनमधून आणायचं. भरलेला कॅन १९ किलोचा. पायरीवर थोडं सांडलं की त्याचा लगेच बर्फ होतो आणि पुढच्या खेपेला घसरणारे आपणच. संडासाच्या बैठकीला तिथले लोक निळ्या इन्सुलेशन फोमचा तुकडा कापून बसवतात, तो अंगाला गार लागत नाही. अंघोळ कॅम्पसवर. घर तापवणाऱ्या स्टोव्हच्या टाकीत नंबर १ तेल भरायचं. नंबर २ स्वस्त असतं, पण कडाक्यात घट्ट होऊन नळीतच अडकतं. हे सगळं जमतं, फक्त स्वतःची गाडी हवी.

गाडी घेताना पुढच्या जाळीतून प्लग लोंबतोय का ते बघ. तो प्लग थंडीत इंजिन, त्यातलं तेल आणि बॅटरी विजेवर गरम ठेवणाऱ्या साधनांचा: ब्लॉक हीटर, ऑइल पॅन हीटर आणि बॅटरी ब्लँकेट, तिन्ही हवेत. उणे २० सेल्सिअसखाली गेलं की निघण्याच्या दोन-तीन तास आधी प्लग लाव, टायमरवर. साधी एक्स्टेंशन कॉर्ड त्या थंडीत कडक होऊन चिरते. थंडीसाठीची वेगळी मिळते, तीच घे. उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात. त्या दिवशी कॅम्पसच्या तापमानाच्या पाटीसमोर पोहण्याच्या कपड्यांत फोटो काढायची तिथे हौस आहे. तुला तेवढी हौस नसली तरी चालेल.

नोकरीचं गणित मात्र आत्ताच मांड. ओपीटीत, म्हणजे पदवीनंतर त्याच व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीत, १२ महिने मिळतात, त्यात बेकारीचे दिवस ९० पेक्षा जास्त झालेले चालत नाहीत. सुरुवातीची तारीख शिक्षण संपल्यापासून ६० दिवसांच्या आतलीच घ्यावी लागते. डिसेंबरच्या मध्याला पदवी संपली तर ती तारीख फार तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ढकलता येईल, आणि नोकरी नसेल तर मेच्या मध्याला ९० दिवस संपतील, म्हणजे बर्फ वितळून फील्डवर्क जेमतेम सुरू होत असताना. म्हणून मेमध्ये संपेल असाच अभ्यासक्रम आख. उन्हाळ्याच्या कामासाठीची विचारपूस जानेवारीतच सुरू कर. २१ डिसेंबरच्या आसपास जेमतेम पावणेचार तास उजेड असतो, त्या दिवसांत हातून काही होत नाही; रेझ्युमे त्याआधीच तयार ठेव.

एसटीईएमची, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या पदवीवर मिळणारी, ओपीटीची आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ हवी असेल तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत) नोंदलेली लागते. छोट्या कंपनीला हे मुलाखतीतच विचार. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वेळ आली तर विद्यापीठातली नोकरी त्याच्या लॉटरीच्या बाहेर असते, त्यामुळे विद्यापीठाच्याच जिओफिजिकल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेसारख्या ठिकाणच्या ओळखी पहिल्या वर्षापासून जप.

आणि घरी फोन करताना हिवाळ्यात साडेचौदा तासांचा फरक धर. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आईचे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेदहा.