मधुमेहात पायाची जखम लवकर भरत नसेल, तर घरी हळद लावावी का?

हळद नको. डब्यातली पूड निर्जंतुक नसते, शिवाय पिवळ्या थराखाली पू आणि लाली दिसतच नाही. घरचा मध, टूथपेस्ट, चुनाही नको. हायड्रोजन पेरॉक्साईडने तर नवी येणारी त्वचाच भाजते.

घरी एवढंच करा: 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. हात साबणाने धुऊन हे पाणी जखमेवर ओता. पाय त्यात भिजवत बसू नका. निर्जंतुक गॉजने टिपून नवा गॉज सैल बांधा, रोज बदला. कापूस ठेवू नका, तंतू जखमेत अडकतात.

तळव्याच्या जखमेचा खरा शत्रू दाब. नसा बधिर झालेल्या, त्यामुळे दुखत नाही आणि माणूस चालतच राहतो. रामकुंडावर किंवा वणीच्या गडावर अनवाणी जाणं बंदच. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीने फोड आलेलाही कळत नाही.

साखर चढी राहिली तर पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, म्हणून गोळ्या-इन्सुलिन चुकवू नका. पायाची जखम लहान दिसली तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. काळेपणा, दुर्गंधी, ताप किंवा पसरणारी लाली दिसली, तर त्याच दिवशी सर्जनकडे.