टेनिस सर्किट सोडून कॉलेजमध्ये कोच होणं म्हणजे हार मानणं का?

भावाची रँक बऱ्याच दिवसांपासून हलत नाही, तो नागपुरातल्या कॉलेजात टेनिस कोच व्हायचं म्हणतोय. त्यात पैसा किती आणि लोक याला खालचं काम समजतात का, असं तुम्ही विचारलंय. मी आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धा खेळून आता इथेच कॉलेजच्या संघांना शिकवतो, म्हणून लिहितोय.

समजतात. माझे मोठे काका चारचौघांत म्हणाले होते, "काऊन रे, इतका पैसा लावला तुझ्यावर, अन् शेवटी पीटीचा मास्तरच झाला न तू?" ते अजून टोचतं, कारण ते साफ चूक आहे.

पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलात तर दीडशे डॉलरच्या आसपास हातात पडतात. त्यात तिकीट, खोली, रॅकेटचं गटिंग. सोबत कोच नेणं परवडत नाही, त्यामुळे आपला खेळ कुठे बिघडतोय हे आपणच शोधायला शिकतो. कोच म्हणून मला सगळ्यात जास्त तेच कामी आलं.

आंतरविद्यापीठ स्पर्धेत माझी एक मुलगी, गोंदियाकडची, निर्णायक सामन्यात डबल फॉल्टवर डबल फॉल्ट करत होती, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकवून गुण घालवत होती. बाकावरून सगळे ओरडत होते, "जोर लाव!" मी तिचा डावा हात बघत होतो, सर्व्हसाठी चेंडू वर उडवणारा, टॉसचा हात. घाबरली की ती चेंडू उशिरा सोडायची, वर मनगटाचा झटका द्यायची. चेंडू डोक्यामागे जायचा, कंबर वाकवून ती तो गाठायची आणि सर्व्ह बॉक्सबाहेर. संघाच्या सामन्यात बाजू बदलताना कोचला बोलता येतं. मी एवढंच म्हणालो, "मनगट सरळ ठेव बेटा, हात डोळ्यांसमोर आला की बोटं उघड. जोराचं नंतर पाहू." त्यानंतर तिचा एकही डबल फॉल्ट झाला नाही, सामना तिने काढला. पुस्तक वाचून हे दिसत नाही. सर्किटवर दडपणाखाली मोडलेले टॉस डोळ्यांनी पाहिलेले असावे लागतात.

ज्याला खेळता येत नाही तो शिकवतो, असं म्हणणाऱ्यांना ल्यूक जेन्सन सांगा. 1993 मध्ये भावासोबत फ्रेंच ओपनची दुहेरी जिंकलेला हा माणूस पुढे अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाच्या मुलींचा कोच झाला. आणि कॉलेज टेनिस काय घडवतं ते सोमदेव देववर्मनकडे बघून कळतं. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षं तो एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्पर्धेची, एकेरी जिंकला. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दुहेरीचं सुवर्ण त्याने सनम सिंगबरोबर घेतलं, सनमही व्हर्जिनियाचाच.

पैशाचं म्हणाल तर कायम पद म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन महिना 57,700 रुपये. त्यासाठी एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) 55 टक्क्यांनी, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, शिवाय तिशीच्या आतल्या पुरुषांना 12 मिनिटांत 1800 मीटर धावून दाखवावं लागतं. आशियाई किंवा राष्ट्रकुल पदक असेल तर यूजीसीच्या नियमांत वेगळी वाट आहे. नुसत्या एटीपी गुणांना, म्हणजे पुरुषांच्या जागतिक रँकिंगच्या गुणांना, तिथे किंमत नाही. एका मुलाखतीत माझ्या रँकिंगबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही, फक्त फाइल उलटीपालटी करत बसले. कोर्टवर उभं करून दहा मिनिटं शिकवायला लावलं असतं तर निवड करणं सोपं झालं असतं, हे मी तेव्हाही तोंडावर बोललो आणि आजही बोलतो. पतियाळाच्या एनआयएस या क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा जरूर करावा, पण त्याने हे पद मिळत नाही.

कंत्राटी कोचला मानधन मिळतं, तेवढ्यावर घर चालत नाही. बहुतेक जण पहाटे खासगी बॅचेस घेतात. मे महिन्यात आठनंतर आपल्याकडे हार्ड कोर्टवर पाय ठेववत नाही, म्हणजे वेळही तेवढाच.

भावाला आधी एम.पी.एड. ला घाला, रॅकेट सुटू देऊ नका. अर्थात त्याला शिकवण्याचा कंटाळा असेल तर यात पडूच नये. आणि हे सगळं कॉलेजपुरतं, खासगी अकादमीचा हिशोब वेगळा असतो.