बास्केटबॉलमध्ये ट्रॅव्हलिंग आणि डबल ड्रिबल पंच नेमकं कसं ठरवतात?

तुम्ही विचारलंय की एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) खेळाडू चेंडू हातात धरून सरळ तीन पावलं टाकतो तरी शिट्टी वाजत नाही, आणि कॉलेजच्या सामन्यात तुमच्या भावाने जागेवरून ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) सुरू करताच ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून नियमाबाहेर पाय हलवण्याची चूक) दिलं गेलं. मग पंच मनाला येईल तसं ठरवतात का?

मी शालेय आणि जिल्हा पातळीवर बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहतोय. हे दोन्ही निर्णय एकाच वेळी बरोबर असू शकतात. मोजणी कुठून सुरू करायची यावर सगळं अवलंबून असतं, आणि प्रेक्षक ती बहुतेक वेळा एक पाऊल आधीच सुरू करतात.

पंच आधी हात बघतो, मग पाय. चेंडू एका किंवा दोन्ही हातांत विसावला, किंवा दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले, की ड्रिबल संपला. धावता धावता हे झालं तर त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजायचा नाही. यालाच मैदानावर ‘झिरो स्टेप’ म्हणतात. उजव्या हाताने मारलेला साधा ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकलेला शॉट, घ्या. डावा पाय जमिनीवर असताना चेंडू हातात आला, तो डावा शून्य. मग उजवा, एक. मग डावा, दोन, आणि उडी. बाकावरून बघणाऱ्याला डावा-उजवा-डावा अशी तीन पावलं दिसतात आणि आरडाओरडा सुरू होतो. पंचाच्या हिशेबात ती दोनच असतात. फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) हे १ ऑक्टोबर २०१७ पासून नियमात स्पष्ट लिहिलं, एनबीएने २०१९ मध्ये आपल्या नियमपुस्तकात चेंडू ताब्यात येण्याच्या या क्षणाची व्याख्या घातली. आपल्याकडचे सामने फिबाच्या नियमांनी होतात, त्यामुळे या बाबतीत टीव्हीवरचा खेळ आणि आपला खेळ आता फारसा वेगळा नाही. अमेरिकेतल्या शाळांमध्ये मात्र ही झिरो स्टेप मान्य नाही. तिकडे शिकणाऱ्या भाचे-पुतण्यांशी वाद घालण्याआधी हे लक्षात असू द्या.

धावणाऱ्याला थोडी सूट हवी, हा विचार नवा नाही. बास्केटबॉलचे जनक जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जे मूळ १३ नियम लिहिले, त्यातच चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे झेलला तिथूनच फेकायचा, पण वेगात पळताना झेलणारा थांबायचा प्रयत्न करत असेल तर त्याला सवलत द्यावी, असं म्हटलंय. म्हणजे पंचाच्या नजरेवर सोडलेला भाग पहिल्या दिवसापासून आहे.

आता तुमच्या भावाचं. जागेवर उभं राहून चेंडू घेतला की झिरो स्टेपचा प्रश्नच येत नाही. एक पाय पिव्होट, म्हणजे जागेवरच टेकलेला ठेवायचा पाय, ठरतो, आणि ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटल्यावरच तो पाय उचलता येतो. पास किंवा शॉटसाठी पिव्होट पाय उचलला तर चालतो, फक्त तो परत टेकण्याआधी चेंडू सुटला पाहिजे. आपल्याकडे मुलं सगळ्यात जास्त पकडली जातात ती इथेच. समोरच्याला चकवायला डावीकडे झुकतात, आणि उजवीकडे निघताना चेंडू अजून हातात असतानाच मागच्या पायाची टाच उठते, मग पूर्ण पाऊल सुटतं. हे इतकं झटकन होतं की आईवडिलांना काहीच दिसत नाही. ‘लहान मुलं आहेत, सोडून द्या’ असं प्रशिक्षक सांगतात. मी सोडत नाही. त्या अर्ध्या पावलाने बचाव करणाऱ्या मुलावर अन्याय होतो, आणि बारा वर्षांच्या मुलाचा पाय आज सुधारला नाही तर अठराव्या वर्षी तो सुधारणं फार अवघड जातं.

उलट, हालचाल विचित्र दिसली म्हणून शिट्टी मारणं मला अजिबात पटत नाही. युरो स्टेपमध्ये खेळाडू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जातो. दिसायला वेडंवाकडं, पण पावलं दोनच. याउलट अगदी सफाईदार दिसणाऱ्या स्टेप-बॅकमध्ये (शॉटसाठी मागे सरकण्याच्या हालचालीत) चेंडू ताब्यात आल्यावर तोच पाय लागोपाठ दोनदा टेकला, तर ते ट्रॅव्हलिंगच. आणि चेंडू नेमका कधी ताब्यात आला हे पंचाने पाहिलंच नसेल, तर त्याने अंदाजाने शिट्टी मारू नये.

डबल ड्रिबलचाही, म्हणजे एकदा संपलेला ड्रिबल पुन्हा सुरू करण्याच्या चुकीचाही, निकाल याच क्षणावर लागतो. ड्रिबल खरंच संपला होता का, आणि संपल्यावर चेंडू खेळाडूच्या ताब्यातून नियमाप्रमाणे सुटला का? प्रतिस्पर्ध्याचा हात लागून चेंडू निसटला, तर परत घेऊन ड्रिबल करता येतो. खरोखरचा शॉट मारला आणि चेंडू रिंगला, बोर्डाला कशालाच न लागता खाली आला, तरी फिबाच्या नियमात मारणारा खेळाडू तो स्वतः झेलू शकतो आणि पुन्हा ड्रिबलही करू शकतो. यावर प्रत्येक स्पर्धेत कुणीतरी हुज्जत घालतंच. स्वतःलाच पास टाकून, मध्ये कुणाचाही स्पर्श न होता झेलला, तर मात्र चूक.

हात चेंडूच्या खाली गेला की ‘कॅरी, कॅरी’ (म्हणजे चेंडू तळव्यावर धरून नेला) असा ओरडा होतो. नुसता हात खाली जाणं पुरेसं नाही, चेंडू तळव्यावर विसावून थांबला पाहिजे. मी चेंडू बघतो: त्याची उसळी तुटली का? तुटली आणि त्यानंतर चेंडू पुन्हा आपटला, तर शिट्टी.

हातातून निसटलेल्या चेंडूवर सगळ्यात जास्त चुकीच्या शिट्ट्या मी ऐकल्यात. ड्रिबल संपवताना चेंडू हातातून घसरला आणि मुलगा चार पावलं त्याच्यामागे धावला, तर ते ट्रॅव्हलिंग नाही, कारण त्या वेळी चेंडू त्याच्या ताब्यातच नाही. तो उचलून पास देऊ शकतो, शॉट मारू शकतो. फक्त मध्ये दुसऱ्या कुणाचा स्पर्श झाला नसेल तर त्याला पुन्हा ड्रिबल करता येत नाही.