सोन्यावर रेणू आपले आपण कसे उभे राहतात? तुमचे प्रश्न

डोंबिवलीची अकरावीतली एक मुलगी विचारते: सर, रेणूंना कसं कळतं की कुठे उभं राहायचं?

कळत नाही गं, आणि मला त्याचंच इतकी वर्षं आश्चर्य वाटतंय. थायॉल नावाचा रेणू घे, एका टोकाला सल्फर आणि मागे कार्बनची लांब शेपटी, सोनं चढवलेली काच त्याच्या इथेनॉलमधल्या पातळ द्रावणात ठेवली की सल्फर सोन्याला धरतो, शेपट्या आधी आडव्या पडलेल्या असतात, मग गर्दी वाढली की उभ्या राहायला लागतात. दोन सल्फरमधलं अंतर साधारण 0.5 नॅनोमीटर, ते सोन्याच्या अणूंच्या रचनेवरून ठरतं. शेपट्यांना मात्र एकमेकींना अजून खेटून राहायचं असतं, म्हणून सगळ्या मिळून जवळपास 30 अंशांनी एका बाजूला कलतात. सकाळच्या लोकलमध्ये कोणी कोणाला जागा नेमून देत नाही, पण गाडीला दोन धक्के बसले की डब्यातली गर्दी बरोबर बसून जाते ना, तसंच. इथला धक्का म्हणजे उष्णतेने रेणूंची सतत चाललेली थरथर.

माटुंग्याचा एक बीएस्सीचा विद्यार्थी: थर काही मिनिटांत बसतो म्हणतात, मग सँपल रात्रभर का ठेवायचं?

फार चांगला प्रश्न. मिनिटांत जागा भरते, पण शिस्त येत नाही. घाईत बसलेल्यांपैकी काही वाकडे असतात, मध्ये भोकं राहतात, दोन गट वेगवेगळ्या दिशेला कललेले असतात आणि त्यांच्या मधे फट पडते. सल्फर आणि सोन्याचा बंध चांगला मजबूत असतो, पण तरी सल्फर सोन्यावर सरकू शकतो, काही रेणू सुटून द्रावणात जातात, दुसरे येतात, आणि ही दुरुस्ती बारा ते अठरा तास चालू राहते. म्हणून विरजण लावतात तसं सँपल संध्याकाळी लावायचं आणि हलवायचं नाही. मला तर वाटतं रेणूंनी आपोआप जमण्याच्या या अख्ख्या विषयाचा जीव इथेच आहे, चूक सुधारायची सोय असेल तरच रचना होते. नुझ्झो आणि अलारा या शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये गंधकाचे असे रेणू सोन्यावर बसवून दाखवले तेव्हापासून लोक हीच दुरुस्ती समजून घेतायत.

वसईहून एक वाचक: सोनं परवडत नाही, साध्या काचेवर होतं का?

होतं, तिथे सिलेन वापरतात, म्हणजे सल्फरऐवजी टोकाला सिलिकॉन असलेले रेणू, 1980 मध्ये सागिव या शास्त्रज्ञांनी ते दाखवलं होतं. पण आपल्या मुंबईत सांभाळून! सिलेनला काचेवरचं थोडंसं पाणी लागतं, पण हवेत जास्त ओल असली की रेणू काचेवर बसायच्या आधी आपापसातच जोडले जातात, आणि तो बंध सहजी सुटत नाही म्हणजे दुरुस्ती संपली. मी एकदा जुलैत बाटली उघडी ठेवून फोन घ्यायला गेलो, परत येईपर्यंत द्रावण गढूळ, आणि काचेवर खडबडीत पांढरे ठिपके, बोटाला लागतील इतके. आख्खी बॅच फुकट. तेव्हापासून पावसाळ्यात हे काम कोरड्या नायट्रोजनच्या पेटीतच.

एक सराफ: अशाने दागिना खराब होईल का?

नाही हो. थर जेमतेम 2 नॅनोमीटर, डोळ्याला दिसत पण नाही. चांदी काळी पडते ते वेगळं, तिथे हवेतला गंधकाचा वायू चांदीचं सल्फाइड करतो. उलट चांदीवर थायॉलचा थर दिला तर काळं पडणं लांबतं.

परळच्या एक शिक्षिका: थर बसला हे दिसतं कशात? मुलांना काय दाखवू?

रेणू प्रत्यक्ष बघायचे तर स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप लागतो, बिनिग आणि रोरर यांनी 1981 मध्ये बनवला, 1986 मध्ये नोबेल मिळालं. पण लॅबमध्ये आम्ही आधी पाण्याचा एक थेंब टाकतो. शेपटीच्या टोकाला पाणी टाळणारा मिथाइल गट असेल तर थेंब गोल उभा राहतो, कडेचा कोन 110 अंशांच्या आसपास, आणि तिथे पाणी आवडणारा हायड्रॉक्सिल गट असेल तर तोच थेंब पसरून सपाट होतो, फरक फक्त टोकाच्या दोन-तीन अणूंचा.

वर्गात तुम्ही अळूचं पान न्या. त्याच्यावर मेणाचे बारीक कण असतात, तेही आपोआप जमलेले, आणि त्या खडबडीतपणामुळे कोन 150 च्या वर जातो. अर्ध्या पानावर अंगठा जोरात घासा, अर्धं तसंच ठेवा, मग दोन्हीकडे ड्रॉपरने पाणी टाकायला सांगा. एकीकडे थेंब पळेल, दुसरीकडे चिकटून बसेल.