शेवट कळल्यावर काय उरतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वर्षभरात ज्यांचा फार बोलबाला झाला अशी दहा-बारा पुस्तकं तुम्ही वाचलीत, निम्मी थ्रिलर आणि निम्मी रोमान्स. थ्रिलर एका रात्रीत संपतात, पण आठवड्याभरात त्यातल्या माणसांची नावंही आठवत नाहीत. रोमान्समध्ये दहाव्या पानावरच कळतं की हे दोघं एकत्र येणार, मग पुढं वाचायचं तरी कशाला. आणि शेवटी विचारलंत, माझंच वाचन बिघडलंय का?

मुळीच नाही. मी वीसेक वर्षं हे दोन्ही प्रकार आवडीनं वाचतेय, म्हणून जे भावलं आणि जे खटकलं ते दोन्ही मोकळेपणानं सांगते. शेवट फोडणार नाही, पण थोडा सुगावा लागेल इतकं बोलावं लागेल.

आधी रोमान्स, कारण माझं मत तिथूनच तयार झालं. शेवट माहीत असणं हा रोमान्सचा दोष नाही, तो या प्रकाराचा करार आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं व्याख्याच तशी केली आहे: मध्यवर्ती प्रेमकथा हवी आणि मनाला समाधान देणारा, आशादायी शेवट हवा. म्हणजे 'आता काय होणार' हे हुकमी अस्त्र लेखकाकडे पहिल्या पानापासूनच नसतं. उरतं ते फक्त 'कसं'. तरीही आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागत असू, तर ते निव्वळ माणसांच्या जोरावर. हीच कसोटी मी आता थ्रिलरलाही लावते. शेवट कुणी आधीच सांगून टाकला असता, तरी हे पुस्तक मी वाचलं असतं का?

ही कसोटी लावली की बरीच गाजलेली पुस्तकं गळून पडतात आणि काही अनपेक्षितपणे वर येतात.

फ्रीडा मॅकफॅडन यांचं 'द हाउसमेड' घ्या, २०२२ चं. तुरुंगातून सुटलेली, गाडीत झोपणारी मिली एका श्रीमंत घरात कामाला लागते. तिला राहायला पोटमाळ्यावरची खोली मिळते आणि तिच्या लक्षात येतं की दाराची कडी बाहेरच्या बाजूला आहे. किती साधा तपशील! खोलीत झोपणाऱ्या माणसाला बाहेरच्या कडीचा काय उपयोग? इथं मी पूर्ण अडकले होते. छोटी छोटी प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी एक हिसका, पुस्तक खाली ठेवायची सोयच नाही. लेखिका पेशानं डॉक्टर आहेत, आणि वाचकाची नाडी त्यांना अचूक सापडली आहे हे मान्यच करायला हवं. पण सहा महिन्यांनी मी ते पुन्हा हातात घेतलं आणि तीस पानांत ठेवून दिलं. त्या घरातली माणसं त्यांच्या गुपिताएवढीच होती. गुपित मला ठाऊक झालं होतं, त्यामुळे भेटायला कुणी उरलंच नव्हतं. प्रवासात, आजारपणात, डोकं शिणलेलं असताना हे पुस्तक मी आजही सुचवीन. तुम्हाला जे हवंय ते मात्र त्यात नाही.

अ‍ॅलेक्स मायकेलिडिस यांच्या 'द सायलेंट पेशंट'बद्दल (२०१९) माझं मत जास्त कडक आहे. कल्पना अप्रतिम आहे: एक चित्रकार स्त्री नवऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक शब्दही बोलत नाही. तिचं शेवटचं चित्र आणि तिचं मौन, एवढ्यावरच एक थोर कादंबरी उभी राहू शकली असती. पहिल्यांदा वाचताना शेवटी मीही दचकले. दुसऱ्यांदा वाचताना पाहिलं, की मला चकवलं ते प्रसंगांच्या मांडणीनं. त्या बाईचं मन मला कुठंच अडवत नव्हतं, कारण ते पुरतं उलगडलेलंच नाही. तिच्या मौनाबद्दल मला केवढं कुतूहल होतं! ते मौन शेवटी एक कुलूप निघालं, किल्ली सापडली की काम संपलं. मला त्या मौनात राहायचं होतं.

याच्या उलट २०१२ चं 'गॉन गर्ल'. गिलियन फ्लिन यांचं हे पुस्तक आलं आणि त्यानंतर थ्रिलरचा सगळा बाजच बदलला. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको नाहीशी होते, संशय नवऱ्यावर जातो. सगळे बोलतात ते त्यातल्या कलाटणीबद्दल, पण ती कुठं येते ते आठवा. ती येते मध्यावर! अर्धं पुस्तक शिल्लक असताना लेखिका आपला हुकमी पत्ता टाकून मोकळी होते. आणि पुस्तक तिथून खऱ्या अर्थानं सुरू होतं, कारण आता रहस्य उरलेलं नसतं, उरलेला असतो एक संसार. त्यानंतर लगेच येणारं 'कूल गर्ल'चं स्वगत, पुरुषाला आवडेल अशी बाई होण्यासाठी बायका स्वतःला किती मुरड घालतात त्यावरचं, मी चार-पाचदा तरी वाचलं असेल. ते बोलणाऱ्या बाईची भीतीही वाटते आणि तिचं पटतंही. ही दुहेरी अवस्था शेवट कळल्यानं संपत नाही.

दुर्दैवानं मागून आलेल्यांनी यातली कलाटणी तेवढी उचलली, संसार तिथंच राहिला. २०१५ च्या 'द गर्ल ऑन द ट्रेन'मध्ये पॉला हॉकिन्स यांनी रेचेलची स्मृती दारूनं पुसली होती, आणि त्या दारूमागं तिचं मोडलेलं लग्न होतं, मूल न होण्याचं दुःख होतं. विस्मरणाला मुळं होती. पुढं पुढं विस्मरण ही नुसती सोय झाली. लेखकाला जे लपवायचंय तेवढंच नायिका विसरते आणि शेवटच्या पन्नास पानांत तिला ते बरोबर आठवतं. असं दिसलं की मी पुस्तक बंद करते, कितीही नावाजलेलं असो.

आता तुमच्या यादीतल्या रोमान्सकडे. तुम्ही 'इट एंड्स विथ अस' अर्ध्यात सोडलंत असं लिहिलंय. ते पूर्ण करा. कॉलीन हूवर यांची सगळीच पुस्तकं मला आवडतात असं नाही. काही ठिकाणी भाषा फार सपाट आहे, आणि योगायोग इतके की विश्वास डळमळतो. पण या पुस्तकात एक प्रसंग आहे. नायिका लिलीचा प्रियकर रायल ओव्हनमधून गरम भांडं काढतो, त्याचा हात भाजतो, भांडं खाली पडतं. लिलीनं थोडी वाइन घेतलेली असते आणि तिला हसू येतं. वाचताना मलाही हसू आलं होतं. पुढच्याच क्षणी ती जमिनीवर असते. त्यानं तिला ढकललंय. माझ्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि मग मी तेच पान पुन्हा वाचलं, कारण मला कळेना की झालं काय. लिलीलाही कळत नाही. त्यानंतर ती त्याला क्षमा करते तेव्हा तिला नावं ठेवायची माझी छाती झाली नाही, कारण तोवर मीही त्याच्या प्रेमात पडले होते. मार खाणारी बाई निघून का जात नाही, या प्रश्नाचं उत्तर इथं वाचकाला आतून मिळतं. लेखिकेनं शेवटच्या मनोगतात सांगितलंय की हे तिच्या आईच्या आयुष्यातून आलंय, आणि ते प्रत्येक पानावर जाणवतं.

माझी तक्रार आहे ती पुस्तक विकण्याच्या पद्धतीबद्दल. मला ते हलकीफुलकी प्रेमकथा म्हणून कुणीतरी वाचायला दिलं होतं, मुखपृष्ठावर फुलं. ज्या बाईनं हे घरात भोगलंय तिच्या हातात ते कुठल्याही पूर्वसूचनेशिवाय पडलं तर? हल्ली पुस्तकाची ओळख फक्त ठरीव लेबलांवर होते: शत्रूंचे प्रेमिक होणं, खोटं खोटं प्रेम, एकच पलंग असलेली खोली. लेबलं वाईट नाहीत, आपल्याला काय वाचायचंय ते पटकन कळतं. पण लेखकच लेबल समोर ठेवून लिहायला लागला की माणसं आकसतात.

'फोर्थ विंग'मध्ये (रेबेका यारोस, २०२३) मला दोन्ही दिसलं. व्हायोलेटचे सांधे सहज निखळतात, हाडं कच्ची, आणि तिला ड्रॅगनस्वारांच्या विद्यालयात ढकललं जातं. प्रवेशाआधी उंचावरच्या अरुंद कठड्यावरून चालत जायचं, पडलात तर मेलात. रांगेतल्या दुसऱ्या मुलीच्या बुटांचे तळवे गुळगुळीत आहेत हे बघून व्हायोलेट तिच्याशी एका पायातला बूट बदलते, म्हणजे दोघींनाही निदान एक तरी पाय घट्ट रोवता यावा. त्या एका बुटानं मला ही मुलगी कायमची कळली. पण प्रेमकथेचं काय? नायक झेडनच्या वडिलांच्या मृत्यूला व्हायोलेटची आई कारणीभूत. वैराला एवढं सबळ कारण असताना ते वैर तिच्या नजरेत फार लवकर विरघळतं. त्याचे खांदे आणि त्याचे डोळे, पान पान भरून. बापाचं रक्त मध्ये असताना प्रेम कसं होतं, हे मला वाचायचं होतं. तरी कठड्याच्या त्या प्रकरणासाठी मी पुढचे भाग घेतलेच.

एमिली हेन्री तुम्ही अजून वाचलेल्या दिसत नाहीत. 'बुक लव्हर्स'पासून (२०२२) सुरुवात करा. नोरा ही लेखकांची एजंट आहे, शहरात रमणारी, कामात बुडालेली. इतरांच्या प्रेमकथांमध्ये नायक जिला सोडून गावाकडच्या मुलीकडे जातो, ती हीच. लेखिकेनं त्या सोडून दिलेल्या बाईला मध्यभागी आणलंय आणि तिला बदलायला लावलेलं नाही, याचा मला फार आनंद झाला. नायक चार्लीबरोबरचे संवाद चुरचुरीत आहेत, पण पुस्तकाचा प्राण नोरा आणि तिची धाकटी बहीण लिबी यांच्यात आहे. आई गेल्यावर नोरानं बहिणीला सांभाळलंय आणि आता बहिणीला सांभाळून घ्यायला नकोय. मला रडू आलं ते या दोघींपायी.

एक गोष्ट मात्र या प्रकारातली सगळीच मंडळी सोडायला तयार नाहीत, आणि मला तिचा खरोखर वैताग येतो. पुस्तक तीन-चतुर्थांश झालं की ताटातूट. पाच मिनिटं समोरासमोर बसून बोलले असते तर मिटलं असतं असा गैरसमज, मग पन्नास पानं झुरणं. अडचण माणसांच्या स्वभावातून आली असेल तर ती मला हवीच आहे. केवळ पानं भरायला आलेली असेल तर तिथं पुस्तक माझा विश्वास गमावतं.

कॉलीन हूवर यांच्याच 'व्हेरिटी'बद्दल एका वाक्यात सांगते: शेवटी दोन परस्परविरोधी हकिकती समोर ठेवून लेखिका बाजूला होते, ते धाडस मला आवडलं, पण मधला बराच भाग निव्वळ धक्का द्यायला लिहिलाय.

थ्रिलरमध्ये रक्तापेक्षा माणसं हवी असतील तर रिचर्ड ऑस्मन यांचं 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०). निवृत्तांच्या वसाहतीतले चार म्हातारे खुनांचा छडा लावतात. ऐकायला गंमत वाटते, मलाही तेवढंच वाटलं होतं. मग एक छोटा तपशील येतो. एलिझाबेथ रोज सकाळी डायरीतल्या पुढच्या तारखेच्या पानावर स्वतःसाठी एक प्रश्न लिहून ठेवते, कुणाच्या तरी नव्या गाडीचा नंबर, असं काहीतरी. तो दिवस उजाडला की आपल्याला उत्तर आठवतंय का ते बघते. तिच्या नवऱ्याची स्मृती हळूहळू चाललीय आणि आपलीही जातेय का, याची ती अशी मूक परीक्षा घेते. त्यातला खुनी कोण होता ते आज मला नीट आठवत नाही. डायरी आठवते. एस. ए. कॉस्बी यांचं 'रेझरब्लेड टिअर्स' (२०२१) याच्या अगदी उलट, हिंस्र आणि अंगावर येणारं: मारल्या गेलेल्या दोन मुलांचे, एका समलिंगी जोडप्याचे, दोन बाप. मुलं जिवंत असताना ज्यांनी त्यांना स्वीकारलं नाही, ते आता सूड घ्यायला निघतात. बंदुका भरपूर आहेत, पण पोखरतो तो पश्चात्ताप.

तुम्हाला एकच पुस्तक सुचवायचं झालं तर ते नवं नाही. केइगो हिगाशिनो यांचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स', मूळ जपानी २००५ चं, त्याला नाओकी पुरस्कारही मिळालाय. खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो. कुणी केला, का केला, सगळं माहीत असतं. शेजारी राहणारा इशिगामी, गणिताचा अबोल शिक्षक, जिच्या हातून खून झालाय त्या बाईला आणि तिच्या मुलीला वाचवायचं ठरवतो, कारण तो तिच्यावर प्रेम करतो आणि बदल्यात काहीच मागत नाही. थ्रिलर म्हणून घ्या, प्रेमकथा म्हणून घ्या, माझ्या लेखी दोन्हींतलं हे अव्वल आहे. अगदी सुरुवातीला इशिगामी नदीकाठानं चालत कामाला जातो आणि वाटेत निळ्या ताडपत्रीच्या झोपड्यांमध्ये राहणारी बेघर माणसं दिसतात. पहिल्या वाचनात मी ती पानं वर्णन म्हणून भरभर उलटली. शेवट कळल्यावर परत तिथं गेले आणि पुढं जाववेना. तुम्ही ती पानं सावकाश वाचा.